संमतीचे व्याकरण : अमेरिकेतील राज्यांचे अवयवदान-नोंदणीविषयक कायदे

अवयवदानाच्या नोंदणीस उत्तेजन देण्यासाठी अमेरिकेतील निरनिराळ्या राज्यांनी गेल्या अर्धशतकाहून अधिक काळात जे कायदे केले, त्यांचा विचार सामान्यतः वैद्यक, विधिशास्त्र आणि अलीकडे अर्थशास्त्र ह्यांच्या दृष्टीने केला जातो. भाषेच्या अभ्यासकाचा ह्या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु हे कायदे एकामागून एक वाचीत गेल्यास असे दिसून येते की, त्यांतील वादाचा मुद्दा पुष्कळदा एखाद्या वाक्याचा अर्थ हाच असतो. मनुष्य मोटार चालविण्याच्या परवान्यासाठी अर्ज करतो. अर्जावरील एका चौकोनात खूण करतो किंवा करीत नाही. पुढे कित्येक वर्षांनी एखाद्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात त्या खुणेचा अर्थ लावण्याची वेळ येते, आणि त्या वेळी खूण करणारा खुलासा करण्यास समर्थ नसतो. त्या खुणेने तो नेमके काय बोलला? ज्याने खूण केली नाही तो काहीच बोलला नाही, की 'नाही' असे बोलला? ह्या प्रश्नांना निरनिराळ्या राज्यांनी दिलेली उत्तरे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय राज्यांच्या विधिमंडळांकडे का आला, हे प्रथम सांगितले पाहिजे. अमेरिकेत मृत्युपत्र, वारसा, प्रेताची विल्हेवाट आणि मृत्यूची व्याख्या हे विषय मुख्यतः राज्यांच्या अधिकारातील आहेत. मोटार चालविण्याचा परवानाही राज्यच देते. आणि तेथील बहुतेक प्रौढ माणसांना कधी ना कधी परवान्याच्या कचेरीची पायरी चढावी लागते. त्यामुळे दात्यांची नोंदवही परवान्याच्या अर्जाशी जोडली गेली. ह्या योगायोगाचा परिणाम मोठा आहे. मरणोत्तर शरीराचे काय करावे, हा प्रश्न मनुष्याला डोळे तपासून घेण्याच्या आणि छायाचित्र काढून घेण्याच्या मध्ये, रांगेत उभे असताना विचारला जातो. प्रतिरोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णांची संख्या त्या देशात एक लाखाहून अधिक आहे, आणि ज्या अवस्थेत अवयव घेता येतात अशा अवस्थेत मृत्यू येणारी माणसे हजारी सुमारे तीनच असतात. तेव्हा ह्या तिघांपैकी प्रत्येकाने पूर्वी काय म्हणून ठेवले होते, ह्याला फार महत्त्व येते.

ह्या कायद्यांचा पाया १९६८ साली घातला गेला. त्यापूर्वी १९५४ च्या डिसेंबरात बोस्टन येथे जोसेफ मरे ह्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविण्यात यश मिळविले होते; १९६७ च्या डिसेंबरात केपटाऊन येथे क्रिस्टियान बर्नार्ड ह्यांनी मानवी हृदयाचे प्रतिरोपण केले. मृताच्या शरीरातील अवयव घ्यावयाचे तर कोणाच्या परवानगीने, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नव्हता, आणि राज्याराज्यांचे कायदे परस्परांशी जुळत नव्हते. राज्यांसाठी नमुना-कायदे तयार करणारी आयुक्तांची एक राष्ट्रीय परिषद तेथे १८९२ पासून आहे. तिने १९६८ च्या जुलैत 'युनिफॉर्म ॲनाटॉमिकल गिफ्ट ॲक्ट' हा नमुना संमत केला, आणि १९७३ पर्यंत पन्नासही राज्यांनी तो स्वीकारला.

ह्या नावातील 'गिफ्ट' हा शब्द केवळ गौरवाचा नाही. इंग्रजी परंपरेच्या कायद्यात प्रेतावर कोणाचीही मालकी नसते. आप्तांना अंत्यसंस्कार करण्यापुरता हक्क असतो. मग जे माझ्या मालकीचे नाही ते मी द्यावे कसे? आपल्याकडील मीमांसकांपुढेही ह्याच जातीचा प्रश्न आला होता. विश्वजित् यागात सर्वस्व द्यावयाचे असते, तर त्यात आईबाप येतात काय, असा पूर्वपक्ष त्यांनी उभा केला आणि जेथे स्वत्व नाही तेथे दान संभवत नाही, असा निर्णय दिला. धर्मशास्त्रातील दानाच्या लक्षणातही आपल्या स्वत्वाची निवृत्ती आणि दुसऱ्याच्या स्वत्वाची उत्पत्ती अशी दोन अंगे सांगितली आहेत. अमेरिकेतील नमुना-कायद्याने ही अडचण तात्त्विक पातळीवर सोडविली नाही. मनुष्यास आपले शरीर मृत्यूनंतर देता येईल, असा अधिकार त्याने सरळ निर्माण केला. त्यासाठी दोन साक्षीदारांसमोर सही केलेले कार्ड पुरेसे मानले, आणि देणगी स्वीकारणाऱ्याचा हक्क इतरांच्या हक्कांहून वरचढ ठरविला. येथे 'गिफ्ट' हा शब्द 'बक्षीसपत्र' ह्या मराठी शब्दातील 'बक्षीस' ह्या अर्थाने घेतला पाहिजे. बक्षीसपत्र एकदा पुरे झाले की मुलाबाळांची अनुमती लागत नाही.

प्रत्यक्षात मात्र रुग्णालये आप्तांना विचारीतच राहिली. कार्ड खिशात सापडले तरी पत्नी किंवा मुलगा नको म्हणाला, की डॉक्टर थांबत. कायद्याने ज्याला पूर्ण झालेली देणगी म्हटले, तिला व्यवहाराने मृताची एक इच्छा मानले. १९८७ साली नमुना-कायद्याची सुधारित आवृत्ती निघाली. तिने साक्षीदारांची अट काढून टाकली, आणि दात्याने मृत्यूपूर्वी रद्द न केलेली देणगी अपरिवर्तनीय असून तिला दुसऱ्या कोणाच्याही संमतीची आवश्यकता नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. ही आवृत्ती निम्म्याच्या आसपास राज्यांनी स्वीकारली; पण रुग्णालयांची रीत लगेच बदलली नाही.

ह्याचे एक कारण भाषिक होते, असे मला वाटते. अनेक राज्यांच्या नोंदवह्या ह्या 'हेतू'च्या नोंदवह्या होत्या. त्यांत नाव असणे म्हणजे अवयव देण्याचा त्या व्यक्तीचा मानस होता, एवढेच. इलिनॉय राज्याने १ जानेवारी २००६ पासून आपली नोंदवही बदलून ती 'संमती'ची केली, आणि आधी नोंदलेल्या लोकांना पुन्हा नोंदणी करण्यास सांगितले. न्यूयॉर्कची नोंदवही २००८ च्या जुलैपासून अशीच बदलली. कारकुनी वाटणारा हा बदल मूलगामी आहे. 'मी माझे अवयव देऊ इच्छितो' हे वाक्य वक्त्याच्या मनाचे वर्णन करते. ते खरे किंवा खोटे असू शकते, आणि काल खरे असलेले आज खोटे होऊ शकते. 'मी माझे अवयव देतो' हे वाक्य योग्य प्रसंगी उच्चारले म्हणजे ते कशाचेही वर्णन करीत नाही. ते देण्याची क्रियाच घडविते. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ह्या दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांचे विवेचन केले, आणि त्यांच्या आरंभीच्या उदाहरणांतच आपले घड्याळ भावाला देणाऱ्या मृत्युपत्राचे वाक्य आहे. हेतूची नोंदवही वाचणारा डॉक्टर साहजिकच आप्तांना विचारी, 'शेवटपर्यंत त्यांचे मत हेच होते ना?' वर्णनपर वाक्याची सत्यता पडताळून पाहण्यात काही चूक नाही. क्रिया घडविणाऱ्या वाक्याला मात्र हा प्रश्न लागूच पडत नाही. तेथे ते रद्द केले होते काय, एवढेच पाहावयाचे असते. ह्या नव्या पद्धतीस तेथे 'प्रथमपुरुषी संमती' म्हणतात. विधिज्ञांनी व्याकरणातून उचललेली ही संज्ञा मला अत्यंत समर्पक वाटते. आप्त जे सांगतात ते नेहमी तृतीय पुरुषात असते.

२००६ साली नमुना-कायद्याची तिसरी आवृत्ती निघाली, आणि ती बहुतेक सर्व राज्यांनी स्वीकारली. दात्याने दिलेली देणगी बदलण्यास किंवा रद्द करण्यास इतरांना तीत मनाई आहे. पण भाषेच्या अभ्यासकाने थांबून वाचावी अशी तीतील दोन कलमे निराळीच आहेत. पहिल्याने नकाराचा स्वतंत्र दस्तऐवज मान्य केला : ज्याला आपले अवयव मुळीच द्यावयाचे नाहीत त्याने तसे लिहून ठेवावे, म्हणजे मागाहून आप्तांनाही ते देता येणार नाहीत. दुसऱ्याने असे सांगितले की, दात्याने आपली देणगी मागे घेतली तर ते मागे घेणे म्हणजे नकार नव्हे. अशा वेळी आप्तांना निर्णय घेण्यास मोकळीक राहते. अर्थात ह्या कायद्याच्या तर्कशास्त्रात होकार, नकार, मौन आणि मागे घेतलेला होकार अशा चार अवस्था आहेत, आणि शेवटच्या दोन परस्परांसारख्या आहेत.

हा भेद इंग्रजीत मांडताना कायदा करणाऱ्यांना कलमे आणि त्यांवरील भाष्ये लिहावी लागली. मराठीत तो व्याकरणातच आहे. 'त्याने चहा घेतला नाही' ह्या वाक्यात एका क्रियेचा अभाव सांगितला आहे. चहा आलाच नसेल, तो विसरला असेल, किंवा मागाहून घेणार असेल. 'त्याला चहा नको' ह्या वाक्यात इच्छेचा निषेध आहे. ज्याने चौकोनात खूण केली नाही त्याने नोंदणी केली 'नाही'. ज्याने नकारपत्र लिहिले त्याला दान 'नको'. आपल्या भाषेतील हे दोन निषेध एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे लहान मूलही जाणते. कायद्यापुढचा सारा पेच असा की, अर्जावरील कोऱ्या चौकोनात 'नाही' आहे की 'नको' आहे, हे कागदावरून कळत नाही.

कोऱ्या जागेचा अर्थ 'होय' असा लावण्याचा प्रयत्नही अमेरिकेत मर्यादित क्षेत्रात होऊन गेला आहे. काही राज्यांच्या कायद्यांनी शवचिकित्सा करणाऱ्या अधिकाऱ्यास, विरोध असल्याचे ठाऊक नसेल तर, मृताच्या डोळ्यांची पारपटले काढून घेण्याची मुभा दिली होती. विरोध आहे काय, हे विचारण्याचे बंधन मात्र घातले नव्हते. तेव्हा न विचारणे सोयीचे झाले. १९९१ साली ओहायोतील एका प्रकरणात सहाव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने, आणि २००२ साली कॅलिफोर्नियातील प्रकरणात नवव्या विभागाच्या न्यायालयाने, आप्तांच्या हक्काचे संरक्षण केले, आणि २००६ च्या नमुन्यातून ही तरतूद गळली. मौन हे संमतीचे लक्षण, असे आपण सहज म्हणतो. पण मौनाला असा अर्थ येण्यासाठी आधी प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे. वेल्सने १ डिसेंबर २०१५ पासून गृहीत संमतीचा कायदा अमलात आणला, तेव्हा आधी घरोघर माहिती पोहोचविण्याचा जो दीर्घ खटाटोप केला, तो ह्याच अटीची पूर्तता होती.

मौनाचा अर्थ लावता येत नसेल तर मौनाला जागाच ठेवू नये, हा दुसरा उपाय. टेक्सस राज्याने १९९१ साली परवान्याच्या प्रत्येक अर्जदाराने होय किंवा नाही असे उत्तर दिलेच पाहिजे, असा कायदा केला. सुमारे ऐंशी टक्के लोकांनी 'नाही' असे उत्तर दिले, आणि १९९७ साली कायदा रद्द करण्यात आला. पूर्वी ज्यांचे मौन होते, आणि ज्यांच्या आप्तांना विचारून कदाचित अवयव मिळाले असते, त्यांचा आता लेखी नकार झाला. कायदा करणाऱ्यांची समजूत अशी होती की, मनात होकार आधीच तयार आहे. फक्त तो विचारून घ्यावयाचा आहे. परंतु मनुष्याने ज्या गोष्टीचा विचारच केलेला नाही तीविषयी तत्काळ उत्तर मागितले, तर तो सावध उत्तर देतो. घरी वर्गणी मागायला आलेल्यास 'बघू' म्हणण्याची सोय ठेवली नाही, तर तो काय ऐकतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे.

कॅलिफोर्नियाचा २०१० चा कायदा ह्या अनुभवानंतरचा आहे. २००९ साली यकृत-प्रतिरोपण झालेल्या स्टीव्ह जॉब्स ह्यांनी त्याचा आग्रह धरला होता, आणि गव्हर्नर श्वार्झनेगर ह्यांनी त्यावर सही केली. ह्या कायद्याने अर्जात दोन पर्याय ठेवले. एक, माझे नाव दात्यांच्या नोंदवहीत घाला. दुसरा, ह्या वेळी नोंदणी करण्याची माझी इच्छा नाही. दुसऱ्या पर्यायातील 'ह्या वेळी' हे शब्द बारकाईने योजलेले आहेत. नकार कालमर्यादित करून त्यातील 'नको' काढून घ्यावे, असा त्यांचा उद्देश दिसतो. तरीही अर्थशास्त्रज्ञ जड केसलर आणि ॲल्विन रॉथ ह्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, २०११ च्या जुलैत ही रचना सुरू झाल्यावर तेथील नोंदणीचे प्रमाण इतर राज्यांच्या तुलनेने वाढण्याऐवजी घटले. त्यांच्या अभ्यासाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आप्ताच्या भूमिकेत कल्पिलेल्या लोकांना त्यांनी विचारले, तुम्ही मृताचे अवयव द्याल काय? मृताने केवळ खूण केली नव्हती असे सांगितले असता पुष्कळ जण देण्यास तयार झाले. स्पष्ट 'नाही' निवडले होते असे सांगितले असता तयारी कमी झाली. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही अवस्था 'नोंदणी नाही' अशाच होत्या. ऐकणाऱ्याने मात्र त्यांत 'नाही' आणि 'नको' असा भेद केला.

न्यूयॉर्क राज्याने २०१२ साली केलेला कायदा, जो तेथे हृदय-प्रतिरोपण झालेल्या एका बालिकेच्या नावावरून 'लॉरेनचा कायदा' म्हणून ओळखला जातो, ह्या बाबतीत सर्वांत चतुर आहे. अर्जदाराने ह्या प्रश्नाच्या जागी काही तरी खूण केलीच पाहिजे; पण पर्याय दोन : 'होय', आणि 'हा प्रश्न सोडून द्या'. 'नाही' हा शब्द अर्जावर छापलेलाच नाही. प्रश्न वाचणे सक्तीचे झाले, उत्तर देणे ऐच्छिक राहिले, आणि सोडून दिलेला प्रश्न आप्तांपुढे नकार म्हणून येत नाही. रचनेचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु नोंदणीत न्यूयॉर्क त्यानंतरही अनेक वर्षे देशाच्या सरासरीच्या बरेच मागे राहिले, हेही नमूद केले पाहिजे. प्रश्नाच्या शब्दयोजनेने सर्व काही साधते, असा दावा भाषाशास्त्राने करू नये. पुढे २०१६ च्या कायद्याने तेथे सोळा वर्षे पुरी झालेल्यांना नोंदणीची मुभा मिळाली. अठरा वर्षांखालील दात्याच्या बाबतीत पालकांचा अधिकार राखून ठेवला आहे.

पैशाच्या रूपाने उत्तेजन देण्याचे प्रयत्नही झाले. १९८४ च्या संघीय कायद्याने अवयवाच्या बदल्यात 'मूल्यवान मोबदला' देण्यास बंदी घातली आहे. म्हणून राज्यांना तेथे फारसे हातपाय पसरता येत नाहीत. पेन्सिल्व्हेनियाने १९९४ साली दात्याच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी तीन हजार डॉलरपर्यंत साहाय्याची तरतूद केली होती. संघीय कायद्याशी विरोध येईल ह्या भीतीने ती त्या रूपात अमलात आली नाही. विस्कॉन्सिनने २००४ पासून जिवंतपणी अवयव देणाऱ्यास प्रवास, निवास आणि बुडालेली मजुरी ह्यांपोटी दहा हजार डॉलरपर्यंत कर-वजावट दिली, ती नुकसानभरपाई म्हणून टिकली. मोबदला आणि भरपाई ह्यांतील सीमारेषा कोठे आहे, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

ह्या सर्व विवेचनाचा आपल्या राज्याशी प्रत्यक्ष संबंध पोहोचतो. भारतातही हा विषय राज्यांचाच होता. मानवी अवयव प्रतिरोपणाचा १९९४ चा अधिनियम संसदेने केला तो संविधानाच्या अनुच्छेद २५२ खाली, महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश ह्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी तसा ठराव केल्यामुळे. आणि ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो ह्या तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत प्रथम लागू झाला. ह्या अधिनियमात 'डोनर' हा शब्द आहे, पण त्याच्या व्याख्येतील क्रियापद 'देणे' हे नाही. दाता म्हणजे अवयव काढून घेण्यास स्वेच्छेने प्राधिकार देणारी व्यक्ती, अशी ती व्याख्या आहे. अमेरिकेतील दाता स्वत्व सोडतो. आपल्या कायद्यातील दाता परवानगी देतो. मराठीत आपण दोघांनाही 'दाता' आणि दोन्ही क्रियांना 'अवयवदान' म्हणतो. अन्नदान, विद्यादान, रक्तदान, नेत्रदान ह्या मालिकेत तो शब्द सहज बसतो आणि त्याबरोबर पुण्याची भावनाही येते. पण त्यात संमतीचा अंश कोठेच दिसत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

हा प्राधिकार मृत्यूपूर्वी, दोन किंवा अधिक साक्षीदारांसमोर, लेखी द्यावयाचा असून साक्षीदारांपैकी निदान एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. अमेरिकेतील पहिल्या नमुन्यातही दोन साक्षीदार होते. नातेवाईकाची अट तेथे नव्हती. २०१४ च्या नियमांसोबत ह्या कामासाठी सातव्या क्रमांकाचा जो नमुना जोडला आहे, तो आमच्या विभागातील विद्यार्थ्यांना वाक्यप्रकारांच्या अभ्यासासाठी उपयोगी पडेल. त्याच्या शीर्षकात 'प्लेज', म्हणजे प्रतिज्ञा किंवा संकल्प, असा शब्द आहे. तो भविष्यकाळाकडे पाहतो. त्याखालील मुख्य मजकुरात सही करणारा मेंदूकांडमृत्यू घोषित झाल्यावर अवयव काढून घेण्यास निःसंदिग्ध प्राधिकार देतो आणि संमती देतो. ही क्रिया त्या क्षणीच पुरी होते. आणि तळाशी दिलेल्या सूचनेत, अवयवदान हा कुटुंबाचा निर्णय आहे, म्हणून कुटुंबीयांशी बोलून ठेवावे, असे सांगितले आहे.